लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि आमची साठ टक्क्यांची अट



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या सांगणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मग समितीनेच सुचवले की आठवणी नकोत तर एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिही, शाळेत निबंध लिहायचीस तसे. तेव्हा हा निबंधच समजा. फरक एवढाच की या वेळी ओळींची मर्यादा नाही आणि बाई लाल शाईने तपासणार नाहीत. तपासला तर आनंदच आहे.

व्यक्ती कोणती हे ठरवायला मात्र वेळ लागला नाही, आणि त्याचे कारण आपल्याच वर्गातला एक जण आहे. मागच्या दिवाळीत जालन्याला आले होते तेव्हा नव्या मोंढ्याजवळ तो भेटला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. दहावीला गणितात त्याची गाडी अडकली, दुसऱ्या खेपेला निघाली, मग त्याने आयटीआयला टर्नरचा ट्रेड घेतला. आज एमआयडीसीत त्याचे स्वतःचे वर्कशॉप आहे. स्टीलच्या रोलिंग मिलचे झिजलेले रोल तो लेथवर चढवून पुन्हा मापात आणून देतो. हाताखाली नऊ माणसे आहेत. त्याचा मुलगा बारावीला आहे आणि इंजिनियरिंगला जायचे नाही म्हणतो. चार वर्षे आणि इतके पैसे घालून शेवटी नोकरीच शोधायची, त्यापेक्षा मी उद्यापासून वर्कशॉपमध्ये उभा राहतो, असे त्याचे म्हणणे. बापाने मला चहाच्या टपरीवर सरळ विचारले की तू त्या लाइनीतली आहेस, तूच सांग काय करू.

मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. उत्तर माहीत नव्हते असे नाही. माझे तोंड आधीच बांधलेले होते. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे नोकरीसाठी येणारे अर्ज चाळण्याचा प्रोग्रॅम आमच्या टीमने लिहिला होता. त्यात पहिलीच अट अशी, की दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत साठ टक्के नसतील तर अर्ज पुढे जाणार नाही. माणसाच्या डोळ्यांसमोर तो येणारच नाही. ती अट ठरवणारे वरचे लोक होते, पण ती चार ओळींत लिहिणारी मी होते. आमचा हा टर्नर मित्र त्या चार ओळींत कुठे बसला असता ते त्याला माहीत नाही, मला माहीत आहे.

त्या रात्री मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या गावी आजोबांच्या विहिरीवर किर्लोस्करचे इंजिन होते. त्याचा आवाज शिवारात दोन शेते पलीकडे ऐकू यायचा आणि तो थांबला की आजोबा जेवणावरून उठायचे. लहानपणी मला किर्लोस्कर हे इंजिनचेच नाव वाटायचे. ते माणसाचे नाव आहे हे नंतर कळले. उद्योग उभा करणारा माणूस शोधायला इतक्या लांब कशाला, आपल्या गावात महिको काढणारे बारवालेशेठ होते की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्यांना ओळखणारी माणसे अजून गावात आहेत, आणि अशा माणसाबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरात मुलाने शिकावे, परीक्षा द्याव्यात, सरकारी कचेरीत चिकटावे हा सरळ रस्ता होता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले होते आणि पदवी म्हणजे कारकुनी, वकिली, मास्तरकी किंवा मामलेदारी, असा हिशेब ब्राह्मण घरांत पक्का बसला होता. लक्ष्मणचे लक्ष पुस्तकांत नव्हते. त्याला दोन गोष्टी आवडायच्या, चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. चित्रकला शिकायला मुंबईला जायचे त्याने मनात घेतले. वडिलांना ते पसंत नव्हते. थोरल्या भावाने, रामचंद्ररावांनी, म्हणजे रामूअण्णांनी पैशांची बाजू उचलली आणि १८८५ साली सोळा वर्षांचा लक्ष्मण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

रामूअण्णांचे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

दोन वर्षांनी असे लक्षात आले की लक्ष्मणच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधळेपणा निघावा, याला काय म्हणायचे! वडिलांच्या मनाविरुद्ध आलेला, भावाच्या पैशावर राहिलेला, आणि हातातले शिक्षण अर्ध्यात सुटलेले. आजच्या भाषेत ड्रॉपआउट. पण रंग नको असलेले एक चित्र असते, ते म्हणजे यंत्राचे. काळी रेघ, माप, छेद, कोन. १८८७ साली मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो ती. यंत्रांच्या रेखाटनात लक्ष्मणरावांचा हात इतका स्वच्छ होता की त्या संस्थेत त्यांना त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून घेतले. पदवी नसलेला माणूस अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. आज हे होणार नाही, पात्रतेच्या खिडकीवरच परत पाठवतील.

या नोकरीकडे मला थोडे थांबून पाहावेसे वाटते, कारण लक्ष्मणरावांचे खरे कॉलेज हेच. संस्थेत वर्कशॉप होते, यंत्रे होती, ग्रंथालय होते. आपले तास झाले की ते वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहत, बिघडलेली यंत्रे दुरुस्त करून पाहत, यंत्रांवरची इंग्रजी पुस्तके वाचत. जो विषय दुसऱ्यांना शिकवायचा तो आधी आपल्या हाताने करून पाहायचा, अशी सवय लागली. मी चार वर्षे इंजिनियरिंग शिकले, पण लेथवर हात ठेवल्याचे एकूण तास मोजले तर दोन हातांच्या बोटांवर मावतील. जर्नल पूर्ण करणे हेच वर्कशॉप होते. लक्ष्मणरावांजवळ कागद नव्हता, पण ज्याच्यासाठी तो कागद द्यायचा असतो ते सगळे दहा वर्षे रोज घडत होते.

याच काळात मुंबईत सायकली नव्याने दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांनी भावांचा जोडधंदा सुरू केला. ते मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, शिवाय फी घेऊन लोकांना सायकल चालवायला शिकवायचे. १८८८ साली निघालेले हे दुकान म्हणजेच किर्लोस्कर बंधू. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे, तो याच खटपटीची खूण.

मग १८९७ साल आले. संस्थेत वरची जागा रिकामी झाली. काम पाहता ती लक्ष्मणरावांची होती, पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. या प्रसंगातून पदवी नसल्यामुळे अडले असा अर्थ लोक काढतात. मला तसे वाटत नाही. त्या काळात पदवी असलेल्या हिंदी माणसांनाही वरची खुर्ची सहजी मिळत नव्हती; कातडीचा रंग हीच पहिली अट होती आणि बाकीचे गुण नंतर वाचले जात. आमच्या त्या चार ओळींसारखेच. अट वेगळी, चाळणी तीच.

लक्ष्मणराव बेळगावला आले तेव्हा अट्ठावीस वर्षांचे होते. राधाबाईंशी लग्न झालेले होते. नोकरी नाही, पदवी नाही, हातात भावाचे सायकलचे दुकान. विलायती कंपन्याच स्वस्त माल आणू लागल्यावर सायकलीत राम राहणार नाही हे त्यांना दिसत होते. पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांची एजन्सी घेऊन पाहिली. मग त्यांचे लक्ष शेतकऱ्याकडे वळले. कडबा कापायचे यंत्र हे त्यांचे पहिले चालू लागलेले उत्पादन. बैलापुढे अख्खा कडबा टाकला की तो निम्मा तुडवून वाया घालवतो, बारीक करून टाकला तर सगळा खातो. दुष्काळी भागात याचा अर्थ काय ते आपल्याला सांगायला नको.

त्यानंतर लोखंडी नांगर. इथे मला जरा रमू द्या.

आपल्या काळ्या रानात लाकडी नांगर चालवायला बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या लागायच्या. इतके करूनही तो माती चिरायचा, उलथायचा नाही. हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खाली तशाच राहायच्या आणि पुढच्या पावसात वर यायच्या. लोखंडी नांगर माती पलटतो, मुळ्या उन्हाला येतात आणि वाळतात. विलायती नांगर बाजारात होते, पण महाग. लक्ष्मणरावांनी तशा नांगराचा नमुना समोर ठेवून बेळगावच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आपला नांगर ओतला. ओतीव लोखंडाची अडचण अशी की ते कडक करावे तर ठिसूळ होते आणि मऊ ठेवावे तर फाळ चार दिवसांत झिजतो. टोक कडक हवे आणि अंग चिवट. हे साधायला भट्टीतल्या लोखंडाचे मिश्रण, साच्याची माती आणि थंड होण्याचा वेग या तिन्हींशी झगडावे लागते. अमेरिकन मासिके आणि यंत्रांचे कॅटलॉग मागवून, वाचून, चुकून, पुन्हा ओतून त्यांनी ते जमवले.

पण विक्री होईना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आमच्याकडे एखादे ॲप सहा महिन्यांत चालले नाही तर टीम मोडून लोकांना दुसरीकडे पाठवतात. लक्ष्मणरावांनी प्रात्यक्षिके दाखवली, तक्रारी ऐकल्या, फाळ सुधारला. शेतकरी अडाणी आहे म्हणून ते गप्प बसले नाहीत. जोखीम सगळी शेतकऱ्याची होती. वर्षातून एकदा पिकणारे रान तो एका अनोळखी दुकानदाराच्या शब्दावर कसा लावील? हे ज्याला समजते त्यालाच विकता येते, आणि हा धडा माझ्या अभ्यासक्रमात कुठल्याही सेमिस्टरला नव्हता.

नांगर चालू लागले तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी वर्कशॉपची जागा खाली करायला सांगितली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि यंत्रकलेची आवड असलेल्या या माणसाची त्यांना किंमत होती. त्यांनी संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ निवडला. रेल्वे जवळ, एवढाच त्याचा गुण. बाकी निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे मुक्काम पडला. आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे ती किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचे नावही बदलून तेच झाले.

बायकामुलांसह माणसे त्या माळावर आधी छपरांत राहिली. या गावाच्या व्यवस्थेचा भार रामूअण्णांनी उचलला. रस्ते, पाणी, झाडे, घरे त्यांनी पाहिली. कारखानदाराने कामगारांसाठी गाव वसवायचे, ही कल्पना लक्ष्मणरावांनी इंग्लंड-अमेरिकेच्या वर्णनांत वाचली होती. त्या गावात शिवाशिव चालायची नाही हेही त्यांनी ठरवून टाकले होते, तेही १९१० च्या दशकात.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले तिथे येते. या माळावर लक्ष्मणरावांबरोबर कोण होते? अनंतराव फळणीकर. शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, पण यंत्राच्या बाबतीत विलक्षण डोक्याचा; कारखान्यातल्या कितीतरी गोष्टी त्याच्या हातांतून उतरल्या. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले, पण हिशेब आणि कारभार त्यांच्याशिवाय हलत नसे. शंभूराव जांभेकर यंत्रेही पाहत आणि वाडीत कोणी आजारी पडले तर औषधही देत. के. के. कुलकर्णी अभ्यासात नापास गणले गेलेले, पण माल खपवण्यात आणि पडेल ते काम निभावण्यात पटाईत. आणि पहाऱ्यावर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही आधी दरोड्यांसाठी नाव झालेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांची जातच आडनाव म्हणून नोंदली गेली आहे. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हातात कारखान्याची राखण दिली आणि दोघांनीही ती इमानाने केली.

ही यादी मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला सवयीने आमची चाळणी लावून पाहिली. फळणीकर, बाद. कुलकर्णी, बाद. तुकाराम आणि पिऱ्या यांचा अर्ज उघडलाच नसता. खुद्द मालक दुसऱ्या ओळीला गळाले असते. ज्या माणसांनी त्या माळावर भट्टी पेटवली त्यांतला क्वचित एखादा आमच्याकडे मुलाखतीपर्यंत पोचला असता.

अर्थात न्यायाने बोलायचे तर लक्ष्मणरावांकडे पंचवीस माणसे होती आणि ते प्रत्येकाच्या हाताकडे स्वतः पाहू शकत होते. आमच्याकडे एका जागेला हजारांनी अर्ज यायचे. प्रत्येकाला पाहायला कोणाला वेळ होता? पदवी आणि टक्के यांचा उपयोग तिथे होतो. त्यांनी माणूस कळत नाही, पण ढीग कमी होतो. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, तसे घडते म्हणून सांगते.

वाडीचा पुढचा इतिहास झपाट्याने सांगते, कारण तो तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धात विलायतेतून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पुढे लोखंडी फर्निचर, पंप. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकररावांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढले; त्यातूनच पुढे किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिके घराघरांत गेली. आमच्या आजीच्या ट्रंकेत स्त्रीचे जुने अंक होते, कव्हर फाटलेले.

आणि आता ती गोष्ट, जी पदवीविना यशाच्या व्हॉट्सॲपी चरित्रांमध्ये कधीच येत नाही. लक्ष्मणरावांचा मोठा मुलगा शंतनू, जन्म १९०३ चा. हा मुलगा कारखान्यातच वाढला. भट्टी, साचे, लेथ सगळे त्याच्या डोळ्यांसमोर. आमच्या मित्राच्या मुलासारखाच तो म्हणू शकला असता, की मी उद्यापासून उभा राहतो, आणि त्याला शिकवायला लक्ष्मणरावांपेक्षा चांगला माणूस शोधून सापडला नसता. पण लक्ष्मणरावांनी त्याला अमेरिकेला, बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. तिथून १९२६ साली तो मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेऊन परत आला आणि वाडीच्या कारखान्यात कामाला लागला.

स्वतः पदवीवाचून इतके उभे केलेल्या माणसाने मुलाला पदवीसाठी सातासमुद्रापार का पाठवावे? माझा अंदाज सांगते, तो चुकीचाही असेल. नांगर पाहून, ओतून, चुकून सुधारता येतो. चूक फाळावर दिसते. पण पंपाच्या आतल्या पात्यांचा बाक किंवा इंजिनाच्या सिलिंडरातली उष्णता डोळ्यांना दिसत नाही, तिथे गणित लागते. लक्ष्मणराव जे कॅटलॉगांतून आणि मासिकांतून कणाकणाने मिळवत आले होते ते कुठे तरी ओळीने, पायापासून शिकवले जाते हे त्यांना माहीत होते. ज्याने चोरवाटेने डोंगर चढला त्यालाच पक्क्या रस्त्याची किंमत कळते. आणि खरेच, डिझेल इंजिन आणि विजेच्या मोटारी हा जो पुढचा पसारा झाला, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात इलेक्ट्रिक कंपनी निघाली, तो शंतनुरावांच्या पिढीने उभा केला. आजोबांच्या विहिरीवर ठकठक करणारे इंजिन त्यातलेच. नांगर बापाचा, इंजिन मुलाचे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता एक गोष्ट माझ्या मनातली. रामूअण्णांना लक्षात ठेवा म्हटले होते. मुंबईची फी रामूअण्णांची, बेळगावचे दुकान रामूअण्णांचे, वाडीची व्यवस्था रामूअण्णांची. पुढे राजाचे दहा हजार. पदवी नसताना पडायचे नसेल तर पाठीमागे असे कोणीतरी लागते. हे मी कडवटपणे लिहीत नाही. आपल्या बॅचच्या मुलींनी जरा आठवून पाहावे. १९९६ साली दहावी झाल्यावर आपल्यातल्या किती जणींना घर सोडून औरंगाबादला (तेव्हा तेच नाव होते) जायला मिळाले, आणि ते कशाच्या जोरावर? माझ्या वडिलांनी मला वर्कशॉप काढायला साठ किलोमीटरवर पाठवले नसते. पुस्तके घेऊन मुंबईला जा, दोन वर्षांनी नाही जमले तर दुसरे काही पाहू, असे कोणत्याही रामूअण्णांनी कोणत्याही बहिणीला म्हटले नसते. इंजिनियरिंगला नंबर लागला, यादीत नाव छापून आले, तो कागद वडिलांनी शेजाऱ्यांना दाखवला आणि मगच एसटीचे तिकीट निघाले. मी चार वर्षांत जे शिकले त्यातले फारसे आज वापरत नाही. पण त्या पदवीने मला होस्टेलची खोली दिली आणि लग्नाची बोलणी चार वर्षे पुढे ढकलली. लक्ष्मणरावांना पदवीवाचून चालले असेल. मला चालले नसते. आपल्या बाकावरच्या ज्या दोघी बारावीनंतर थांबल्या, त्या माझ्यापेक्षा गणितात हुशार होत्या, हे बाईंनाही आठवत असेल.

त्या चार ओळींचे पुढे काय झाले तेही सांगते. नव्या कंपनीत आल्यावर माणसे घेण्याच्या कामात मला थोडे बोलायला मिळाले. पदवी हवी ही अट मी काढू शकले नाही, पण दहावी-बारावीच्या साठ टक्क्यांची काढून घेतली. शिवाय ज्याने काही करून दाखवले आहे असा अर्ज पदवी नसली तरी माणसाने वाचायचा, एवढे मान्य करून घेतले. तीन वर्षांत त्या वाटेने दोघे आले. एक सोडून गेला. दुसरा माझ्या टीममध्ये आहे आणि माझ्या चुका काढतो.

मित्राच्या मुलाला मी फोन केला. लक्ष्मणरावांची ही सगळी गोष्ट सांगितली, फळणीकर आणि शंतनुराव दोघांचीही. तो ऐकून घेत होता, मध्येच मागे लेथचा आवाज येत होता. मग मी त्याला विचारले की रोल झिजतो तो मधेच जास्त का झिजतो, कडेला कमी का, हे त्याला माहीत आहे का. त्याने बाबा सांगतात तसे उत्तर दिले. तसेच का, याचे गणित त्याला येत नव्हते, मलाही येत नव्हते, आणि त्याच्या बापालाही नाही. सध्या ठरले आहे ते असे: बारावीनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करायचा, जालन्यात किंवा औरंगाबादला, आणि शनिवार-रविवार वर्कशॉप. पदवीचे नंतर पाहू. रोलचे गणित कोणाला येत असेल, विशेषतः आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांना, तर स्नेहमेळाव्याच्या दिवशी त्या मुलाला जरूर गाठा. जेवणाच्या मांडवात तो वाढायला असणार आहे.